मोजे

मुस्तयॅर्व. मुस्त म्हणजे काळं, यॅर्व म्हणजे तळं.
एस्टोनियाच्या दक्षिणेला, बर्चच्या झाडीत,
कोऱ्या चहासारखं पाणी:
ओंजळीत सोनेरी,
वाकून पाहिलं तर तळ नाही.

दर मंगळवारी मी इथे बाटल्या भरते.
लेंबित वल्ही मारतो. सहसा बोलत नाही.
मे महिन्यात एकदा बोलला:
नातीनं हेलसिंकीहून मोजे पाठवलेत, चांदीचे,
आठवडाभर घाला, वास येत नाही.
मग चांदीच झाली की तुझी, मी म्हटलं.
त्यानं भर तळ्यात रबरी बूट उपसला
आणि पाय माझ्या नाकाशी धरला.
खरंच, काहीच नव्हतं.
चाळीस वर्षं मासे धरलेल्या पायाला
पायाचासुद्धा वास नव्हता.

माणसाचा एक केस घ्या, उभा चिरा,
चिरत राहा, दोन हजार चिरा होईपर्यंत.
त्यातल्या एकीच्या जाडीचा एक कण.
एका धुण्यात असे किती सुटतात
ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

प्रयोगशाळेत माझ्याकडे चोवीस बरण्या.
बरणीत शेवाळ, एकेका पेशीचं, कोयत्याच्या आकाराचं,
दिवसभर उजेड खाणारं.
चांदी आली की ते अंगाभोवती चिकट थर काढतं,
थंडीत आपण पांघरूण ओढतो तसं.
काही कण त्यात अडकतात.
बाकीचे विरघळत विरघळत आत शिरतात
आणि जिथं हिरवं शिजतं
तिथली चूल विझवतात.
पहिल्या दिवशी चौकटीत चारशे बारा.
चौथ्या दिवशी एकशे नऊ.
सहाव्या दिवशीही मी मोजायलाच बसले होते.

शेवाळावर जगते ती पाणपिसू,
काचेसारखी, आरपार,
तिच्या पोटातली एवढीशी गल्ली नेहमी हिरवी.
सतरा नंबरच्या बरणीत ती काळी झाली.
पाठीच्या पिशवीत पिल्लं होती.
ती तिनं शेवटपर्यंत बाहेर सोडली नाहीत.

लेंबित बाटल्यांची पेटी पोचवायला आला होता,
त्यानं एक डोळा मिटून पाहिलं.
हे माझ्या मोज्यांतलं?
नाही, म्हटलं. इथं चांदी मी घातली,
मापानं, पिपेटनं, माझ्या हातानं.
तुझ्या मोज्यांनी तळ्यात काय केलं
ते मला अजून मोजता येत नाही.
तो बराच वेळ भिंगावरून उठला नाही.

मग मी त्याला गाळाबद्दल सांगितलं,
दिलासा म्हणून की काय, कोण जाणे:
तळाशी जो चिखल आहे,
कुजक्या अंड्यासारखा घाण मारणारा,
त्यातलं गंधक चांदीला गाठतं, काळं करतं,
कपाटात विसरलेले चमचे काळे पडतात तसं.
काळी पडलेली चांदी बरीचशी निवते.
म्हणजे बघ, वास मारायला निघालेली चांदी
शेवटी वासाच्याच हाती लागते.
मला हे फार गमतीचं वाटायचं.
लेंबित म्हणाला,
पण चिखलापर्यंत पोचायच्या आधी
वाटेत सगळं तळं लागतं ना?

पुढच्या मंगळवारी धक्क्यावरच्या दोरीला
जुने करडे लोकरीचे मोजे वाळत होते,
टाचेला लाल धाग्याचं रफू.
ते सल्मेचं. सल्मेला जाऊन नऊ वर्षं झाली.
ती याला बूट दाराबाहेर काढायला लावायची,
पाऊस असो की बर्फ.

नावेत वास होता. पायांचा, ओल्या लोकरीचा,
पर्च माशांच्या खवल्यांचा.
मी पहिली बाटली बुडवली, बूच लावलं, वेळ लिहिली.
चांदीच्या मोज्यांचं काय केलंस?
न धुता ठेवलेत, म्हणाला. पिशवीत, गाठ मारून.
वल्ही थांबवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.
फेकायचे तर कुठे, तेवढं सांग.

मी दुसरी बाटली उघडली.